च म्हणजे चादर नव्हे!

(खांद्यावर सोलापुरी चादर, मागे फळा)

नमस्कार मंडळी. ही काय आहे ते सोलापूरकराला सांगायची गरज नाही. आज हिच्यावरच बीजगणित करू.

समजा, नवी पेठेतून तीन चादरी आणि दोन टॉवेल घेतले. बिल लिहितो: ३च + २ट. आता सांगा, च म्हणजे काय?

"चादर!" म्हणालात ना? माझ्या वर्गातही हेच ऐकू येतं, आणि गाडी तिथंच घसरते. च म्हणजे एका चादरीची किंमत, रुपयांतली एक संख्या. चादर पांघरता येते, च पांघरता येत नाही.

"एवढा कीस कशाला पाडता सर?" सांगतो. च म्हणजे चादर असं डोक्यात बसलं की तीन चादरी, दोन टॉवेल, मिळून पाच नग. लिहा ५चट! चादर ४०० ची, टॉवेल १०० चा धरा. खरं बिल १२०० अधिक २००, म्हणजे १४००. आणि ५चट? पाच गुणिले ४०० गुणिले १००. दोन लाख!

बरं, च ४०० असेल तर ३च किती? काही मुलं बेधडक ३४०० लिहितात. हसू नका. पहिलीपासून आपणच शिकवलंय की शेजारी शेजारी लिहिलेल्या ३ आणि ४ चे चौतीस होतात. पुढे अडीच लिहिताना २ च्या शेजारी अर्धा ठेवला, तिथं मध्ये बेरीज होती. आता अचानक मध्ये गुणाकार लपलाय, आणि तो लपलाय हे पोराला कुणी सांगितलेलंच नसतं.

आता खरा सापळा. एका कारखान्यात चादरींच्या सहापट टॉवेल निघतात. चादरींची संख्या च, टॉवेलांची ट. समीकरण लिहा. व्हिडिओ थांबवा, मी आहे इथंच.

६ट = च लिहिलंत? चादरी १० धरा, मग टॉवेल ६०. सहा गुणिले साठ बरोबर दहा? ट = ६च हवं. वाईट वाटून घेऊ नका. जॉन क्लेमेंट या संशोधकाने अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना असंच गणित घातलं होतं, विद्यार्थी आणि प्राध्यापकांचं. १९८२ मध्ये छापलेल्या त्याच्या निबंधात ३७ टक्के चुकल्याची नोंद आहे. त्यांच्यातल्याही काहींच्या डोक्यात अक्षर म्हणजे माणूसच होता, माणसांची संख्या नव्हती.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं वापरली. लिहिताना नुसतं या, का, नी. नीलक म्हटलं म्हणून कुणी निळी वस्तू शोधत बसत नाही. मला ही पद्धत फार आवडते.

म्हणून सुरुवातीचे काही महिने मी वस्तूचं आद्याक्षर घेऊच देत नाही. क्ष घ्या, य घ्या. आणि गणिताच्या वर एक ओळ पूर्ण लिहायची: "क्ष = एका चादरीची किंमत, रुपयांत." मुलांना जिवावर येतं, म्हणून त्या ओळीला मी अर्धा मार्क ठेवलाय.

तरीही कुणी ५चट लिहिलंच, तर वही परत देताना एवढंच विचारतो: दोन लाखांची पावती कुणाच्या नावाने फाडू?