हायड्रेंजियाच्या रोपांना ऊब नको, गारवा द्या

नमस्कार श्रोतेहो.

ऑक्टोबर सरत आला की टोरांटोतल्या मराठी घरांत एक काम ठरलेलंच असतं. अंगणातली तुळस आत आणायची आणि दक्षिणेच्या खिडकीशी उबेला ठेवायची. तुळशीला ते मानवतं. पण उन्हाळ्यात हायड्रेंजियाच्या फांद्या खोचून तुम्ही रोपं केली असतील, तर त्यांना कृपा करून तुळशीशेजारी ठेवू नका.

मोठ्या निळ्या-गुलाबी गुच्छांची ही जात मूळची जपानची, पानगळीची. थंडी पडली की पानं टाकून झोपायचं, हा तिचा स्वभाव. घरातल्या 20-21 अंशांत ती धड झोपत नाही, धड वाढतही नाही. हीटरच्या कोरड्या हवेनं पानांच्या कडा करपतात, पानांमागे लाल कोळी ही कीड धरते, आणि डिसेंबरच्या तोकड्या उजेडात फिकट, लांबट कोंब फुटतात.

मग बाहेरच ठेवली तर? जमिनीत रुजलेल्या झाडाच्या मुळांना खालच्या मातीचा आधार असतो. छोट्या कुंडीतली माती कडाक्याच्या एका रात्रीत आरपार गोठते. ‘अ‍ॅनाबेल’ ही हायड्रेंजियाची दुसरी जात एरवी केवढी काटक, पण तिचीही कोवळी रोपं अशी बाहेर सोडायला माझं मन धजत नाही.

त्यांना हवी 2 ते 7 अंशांची जागा. घराला लागून असलेलं, हीटर नसलेलं गॅरेज चालेल, तळघरातली कोल्ड रूमही उत्तम. मात्र तिथे सफरचंदांची पेटी असेल तर ती हलवा. सफरचंदांतून इथिलीन वायू सुटतो आणि रोपांचे डोळे, म्हणजे फांदीवरचे अंकुर, खराब होऊ शकतात. रोपं आत नेण्याआधी त्यांना बाहेरची हलकी थंडी लागू द्या, पानं पिवळी पडू द्या. गळलेली पानं कुंडीत ठेवू नका, त्यांच्यावर करडी बुरशी येते. पानं गेल्यावर उजेड नसला तरी चालतं.

खरी कसोटी पाण्याची. झोपलेलं रोप पाणी फारसं पीत नाही, आणि आपला हात आवरत नाही. कुंडी उचलून पाहा, हलकी लागली तरच घोटभर पाणी घाला. बहुतेक ठिकाणी तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरतं. पण माती पार कोरडी ठणठणीतही होऊ देऊ नका. जानेवारीत नुसत्या काटक्या दिसतील. शंका आली तर नखानं साल किंचित खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं की रोप जिवंत आहे.

सप्टेंबरात उशिरा रुजलेल्या रोपांची गोष्ट निराळी. त्यांच्या अंगात झोपेपुरती शिदोरी साठलेली नसते. ती 10 ते 15 अंशांच्या खोलीत, भरपूर उजेडात, पानांसकट जपावी.

मार्चमध्ये डोळे फुगू लागले की सगळीच रोपं उजेडात आणा, पण गारव्यातच ठेवा. एप्रिलअखेरीस ऊबदार दिवशी बाहेर सावलीत, रात्री पुन्हा आत. जमिनीत लावायची ती मेमधल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीनंतर, हिमाची भीती सरल्यावर. आणि लावताना शेंडा छाटू नका. गुच्छांच्या या जातीत फुलाचा डोळा बहुधा आदल्या वर्षीच्या फांदीच्या टोकाशीच असतो, आणि हिवाळाभर तुम्ही सांभाळलेला असतो तो तोच.