खुर्चीतला खेळ

(दृश्य: सकाळचा रिकामा स्नूकर हॉल, टेबलावर ब्रश फिरतोय)

सोलापूरकराला कापडातलं वेगळं शिकवावं लागत नाही. बोट फिरवलं की माल कळतो. स्नूकरच्या टेबलावरचं हिरवं कापड लोकरीचं, आणि त्याला लव असते. मार्कर, म्हणजे टेबल सांभाळणारा माणूस, आधी ब्रश फिरवतो, मग इस्त्री. दोन्ही एकाच दिशेने, काळ्या बॉलकडे. या लवेच्या उलट हळू मारलेला बॉल थांबता थांबता जरासा वळतो. नवखा म्हणतो, नेम चुकला. जुना खेळाडू ते वळण धरूनच मारतो.

इथे येणारी पोरं गल्लीतल्या कॅरमवर हात बसवून आलेली. बारा फूट बाय सहा फुटांचं टेबल बघून आधी मजा वाटते. मग कळतं, नुसता बॉल घालून भागत नाही. एक लाल, मग एक रंगीत, पुन्हा लाल. म्हणजे हा बॉल मारतानाच, ज्याने मारायचं तो पांढरा बॉल पुढच्यासाठी कुठे थांबणार, ते ठरलेलं हवं. पंधराही लालांबरोबर दरवेळी काळा घातला आणि शेवटी सगळे रंग साफ केले, तर 147 गुण. रॉनी ओ'सलिव्हनने 1997 साली शेफील्डला हे साडेपाच मिनिटांच्या आत केलं.

(दृश्य: खुर्चीत बसलेला खेळाडू, क्यू, म्हणजे मारायची काठी, मांडीला टेकवलेला)

पण चॅम्पियनची खरी परीक्षा खुर्चीत होते, असं आमचं मत. कुस्तीत समोरच्याची पकड सोडवता येते. इथे तो चुकेपर्यंत बसून राहायचं, पाणी प्यायचं. आधीची चूक उगाळत बसलेला माणूस उठतो, तेव्हा त्याचा हात आखडलेला असतो. क्यू सरळ जात नाही.

1985 ची जागतिक फायनल घ्या. स्टीव्ह डेव्हिस म्हणजे तेव्हाचा जगज्जेता. डेनिस टेलर 0-8 असा मागे. इथे भलेभले मनातून हरतात. टेलर एकेक फ्रेम, म्हणजे डाव, काढत 17-17 वर आला. शेवटच्या फ्रेममध्ये चारच बॉल उरले आणि तो अठरा गुणांनी मागे; चारही घालणं भाग होतं. तपकिरी, निळा, गुलाबी गेले. काळ्यावर दोघेही चुकले, आणि अखेर तो टेलरने घातला. अख्ख्या फायनलमध्ये तो पुढे गेला तो तेव्हाच. मध्यरात्र उलटून गेली होती आणि ब्रिटनमध्ये 1 कोटी 85 लाख लोक टीव्हीसमोर बसून होते.

एवढे लोक का बघतात? 1969 साली बीबीसीने रंगीत टीव्हीसाठी हा खेळ उचलला, हे एक कारण. दुसरं साधं आहे: टेबल अख्खं पडद्यावर मावतं. घरी बसलेल्यालाही पुढचा शॉट सुचतो, आणि खेळाडूने दुसराच मारला की चिडता येतं.

तसा खेळ आपल्याकडचाच. 1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला. बिलियर्ड्स-स्नूकरचा आपला जगज्जेता पंकज अडवाणी, त्याचा जन्म पुण्याचा.

(दृश्य: संध्याकाळ, टेबलाभोवती गर्दी)

सोलापुरात सल्ला मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चारही भाषांत मिळतो, न मागता. हरणाऱ्याने टेबलाचं भाडं भरायचं, हा रिवाज. बाही बॉलला लागली तर खेळाडूने स्वतःहून फाऊल सांगायचा, हा खेळाचा शिरस्ता. भाडं शेवटच्या काळ्यावर अडकलेलं असताना तो पाळणं जरा जड जातं, एवढंच.