माहेरची वाट, स्कूटरवरून

(इंदूरमधील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आत येताना मी बाहेर लावलेल्या गाड्या बघत आले. दोन-चार मोठ्या सोडल्या तर सगळ्या शंभर ते सव्वाशे सीसीच्या. रोज राजवाड्याला, सियागंजला, फार तर मुलांच्या क्लासला जाणाऱ्या. नीट ठेवलेली असेल तर यांतली कुठलीही गाडी उद्या पहाटे निघून दुपारी धुळ्याला पोचते. ती कशी पोचते, ते आज सांगणार आहे.

धुळं माझं माहेर. इथून आग्रा-मुंबई रस्त्यानं अडीचशे किलोमीटरच्या आसपास. १९८८ साली आमच्या घरी कायनेटिक होंडा आली. इथंच, पिथमपूरला तयार होत असे ती. गिअर नाही, बटण दाबलं की सुरू. त्याआधी स्कूटर म्हणजे किक आणि डाव्या मुठीतले गिअर. साडी नेसून ती चालवणाऱ्या बायका आमच्या गल्लीत तरी नव्हत्या. त्या एका बटणानं आमच्या पिढीतल्या किती जणींना घराबाहेर काढलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तरी माहेरी स्कूटरनं जाते म्हटल्यावर सगळ्यांचं एकच, की ही गावात फिरवायची गाडी आहे. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "जाऊ दे तिला. पण सूनबाई, उजाडायच्या आत नीघ, उन्हाच्या आत पोच." छोट्या गाडीच्या प्रवासाबद्दल त्याहून नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

का, ते बघा. अशा इंजिनाची ताकद सात-आठ अश्वशक्ती. सपाट रस्त्यावर गाडीला मुख्यतः हवा कापावी लागते, आणि त्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. पंचेचाळीसच्या ऐवजी साठनं गेलात, तर हवेपायी जवळजवळ अडीचपट ताकद खर्च होते. सत्तरला गाडी धावते, धावत नाही असं नाही. पण तेव्हा ती आपलं होतं नव्हतं ते सगळं देत असते, आणि वरून मे महिन्यातली, नर्मदेकाठच्या निमाडची तापलेली हवा. पंचेचाळीसला तीच गाडी दिवसभर कुरकुर न करता चालते. मी चाळीसचा हिशेब धरते. पहाटे पाचला इंदूर सोडायचं, साडेसातच्या सुमारास खलघाटला नर्मदेच्या काठी थांबायचं, दहापर्यंत सेंधवा. पुढं बिजासन घाट उतरला की पळासनेर, शिरपूर, तापीचा पूल, आणि जेवायला घरी. दर पन्नास किलोमीटरला दहा मिनिटं थांबायचंच. इंजिनाला ती हवी असतात, आणि पाठीला त्याहून जास्त.

घाटाबद्दल मात्र मला सावकाश बोलायचं आहे. मानपूरपाशी माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता एकदम निमाडात उतरतो. उतार आला की लोकांना वाटतं, आता गाडीला विश्रांती. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत नेमकं उलटं असायचं. त्यांत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, लिटरला वीस मिली, आणि पिस्टनला वंगण मिळायचं ते त्या मिश्रणातूनच. उतारावर ॲक्सिलरेटर बंद केलात की पेट्रोल जवळजवळ थांबतं, म्हणजे ऑइलही थांबतं. चाकं मात्र गिअरमधून इंजिनाला जोरात फिरवत असतात. कोरडा पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो.

आमच्या मामंजींच्या गिअरच्या स्कूटरवर मी आणि हे एकदा असेच उतरत होतो. काही कळायच्या आत मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि गाडी फरफटत वळली. यांचा हात क्लचवर होता म्हणून चाक सुटलं आणि आम्ही कडेला लागलो. मागून भरलेला ट्रक येत होता. तो क्षण मी विसरलेले नाही. अर्धा तास झाडाखाली बसलो, इंजिन निवलं, हळूहळू किक मारून सुरू झालं आणि त्याच संध्याकाळी परत फिरलो. आमच्या मिस्त्रींनी नंतर समजावलं, की उतारावर थोड्या थोड्या वेळानं जरा ॲक्सिलरेटर द्यायचा, म्हणजे ऑइल पोचत राहतं. आणि दोन बोटं सतत क्लचवर.

फोर-स्ट्रोकमध्ये ही भीती नाही, कारण ऑइल वेगळं, खाली साठवलेलं असतं. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, तेव्हापासून घरोघरच्या मोटरसायकलींतून ही काळजी हळूहळू गेली. पण बिनगिअरच्या स्कूटरचा वेगळा धडा आहे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन गाडीला जे मागं धरतं, तो रोध तिला फारसा मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम ब्रेक सतत दाबून धरला की तापतो, आणि तापला की पकड सोडतो. म्हणून दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वेग वाढल्यावर आवरण्यापेक्षा उतार सुरू व्हायच्या आधीच कमी करा.

चढावर आणखी एक गोष्ट. मोटरसायकलचं इंजिन समोरच्या वाऱ्यानं थंड होतं. स्कूटरचं पत्र्याखाली झाकलेलं, त्याला इंजिनाबरोबर फिरणारा पंखा वारा घालतो. म्हणून गिअरच्या स्कूटरवर चढाला वरच्या गिअरमध्ये घुसमटत नेऊ नका. खालचा गिअर टाका. आवाज वाढतो, पण पंखाही जोरात फिरतो.

सामान दोन पायांच्या मध्ये, फूटबोर्डवर. मागच्या कॅरिअरवर ट्रंक बांधलीत तर पुढचं चाक हलकं होतं, आणि ट्रकच्या वाऱ्यानं हॅंडल डुलायला लागतं. टायरमध्ये हवा प्रवासाला निघण्याआधी, टायर थंड असताना भरायची, आणि डबलसीट असाल तर मागच्या चाकात जास्त. टायर ट्यूबलेस, म्हणजे आत वेगळी ट्यूब नसलेले, झाल्यापासून पंक्चरचं दुखणं बरंच सुसह्य झालं आहे; खिळा लगेच उपटू नका, एवढं पुरे.

आताचा चौपदरी रस्ता गुळगुळीत आहे, टोलनाक्यावर दुचाकीला पैसेही पडत नाहीत. पण तिथं मला जास्त भीती वाटते. तुम्ही पंचेचाळीसनं आणि बाकीचे ऐंशीनं, म्हणजे धोका सगळा पाठीमागून. डाव्या कडेला राहा, मागचा दिवा रोज तपासा, आणि अंधारात जाऊच नका. पर्याय असेल तर जुना रस्ता धरा. महेश्वरला जायचं तर महूवरून जाम गेटचा रस्ता आहे. अहिल्यादेवींच्या काळातल्या त्या दरवाजाखाली उभं राहिलं की सगळं निमाड पायाशी दिसतं.

समोर बऱ्याच मुली बसल्या आहेत, आणि माझ्या वयाच्याही काही जणी. रविवारी सकाळी साडेपाचला आम्ही सहा जणी जाम गेटला निघणार आहोत. यायचं असेल तर शनिवारीच ब्रेक आणि हवा बघून घ्या. टाकी भरलेली आणा.