ऐरोली आलं का? रबाळे आलं का?

नमस्कार! माझ्या मागे दिसतेय ती आपली ठाण्याची तलावपाळी. कठड्यावर जोड्या बसल्यात, आणि त्यांच्याकडे बघून नाक मुरडत जाणारी माणसंही आहेत. माझी त्या जोड्यांबद्दल काही तक्रार नाही. कुणी आवडणं हा गुन्हा नाही. मला बोलायचंय ते आवडल्यानंतर काय होतं, त्याबद्दल.

मी एफवायला होते. घर नौपाड्यात, कॉलेज वाशीला. रोजची ठाणे-वाशी लोकल. तेव्हा दिघा गाव स्टेशन नव्हतं, ठाणं सुटलं की थेट ऐरोली. वर्गातला एक मुलगा मला आवडायला लागला होता. सुरुवात झाली "पोचलीस की कळव"पासून. किती छान वाटायचं! मग मेसेज यायला लागले, "ऐरोली आलं का?", "रबाळे आलं का?", "घणसोली?" प्रत्येक स्टेशनला मी एक मेसेज टाकायचे. मैत्रिणी चिडवायच्या, मी लाजायचे.

एक दिवस मला खिडकीची जागा मिळाली आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा तुर्भे आलेलं. फोनवर एकतीस मिस्ड कॉल. वाशीला उतरले, तर तो जिन्यापाशी उभा. "कोण होतं बरोबर?" मी लेडीज डब्यातून आले होते. तरी त्याने हात पुढे केला, "फोन दे, बघू." आणि मी दिला. लॉक उघडून दिला. त्याचं बोट माझ्या चॅटवरून खाली खाली सरकत होतं आणि मी समोर उभी राहून आपण काय चुकलो ते आठवत होते.

काळजी आणि पहारा सुरुवातीला अगदी सारखे दिसतात. फरक कळतो तो तुम्ही 'नाही' म्हटल्यावर. छोटंसं 'नाही'. "आज लाइव्ह लोकेशन नाही पाठवत." "पासवर्ड नाही देणार." "आज भेटायला नको, अभ्यास आहे." काळजी करणारा माणूस थोडा हिरमुसेल, फार तर एखादी संध्याकाळ गाल फुगवेल, आणि ऐकेल. पहारा देणारा त्या 'नाही'ची किंमत वसूल करतो. चार दिवस बोलणार नाही, तुमच्या मैत्रिणींना नावं ठेवेल, "मग मी जिवाचं काहीतरी करून घेईन" म्हणेल. आणि आधीच हात उगारला गेला असेल, धमकी आली असेल, तर एकटीने किंवा एकट्याने असली परीक्षा घ्यायला जाऊ नका. आधी कुणाला तरी सांगा.

मुलग्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे. तुमचे फोन तपासणाऱ्या मुलीही असतात, आणि "पुरुषासारखा पुरुष, काय घाबरतोस" म्हणून तुम्ही ते कुणाला सांगत नाही. आणि तुमच्याकडून विचारताना एवढं लक्षात ठेवा: गप्प बसणं म्हणजे हो नाही. "बघू" म्हणजेही हो नाही. काल हो होतं म्हणून आज हो असेलच असं नाही.

कायदासुद्धा या 'नाही'वरच उभा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ बघा. एखाद्या बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुष पुन्हा पुन्हा तिचा पाठलाग करत असेल, संपर्क साधत असेल, तर तो गुन्हा आहे. तिच्या इंटरनेटवरच्या वापरावर पाळत ठेवणं हेही त्याच कलमात येतं. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणून नकार एकदा स्वच्छ शब्दांत, लिहून द्या. "मला यापुढे संपर्क करू नकोस." तो मेसेज जपून ठेवा.

अठरा वर्षांखालच्यांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा, मुलगा असो वा मुलगी. त्यात अठराच्या आतल्या मुलाची किंवा मुलीची संमती धरली जात नाही. दोघंही सतरा वर्षांचे आहेत, दोघांची इच्छा आहे, तरी शारीरिक संबंध कायद्याने गुन्हाच ठरतो. हे कुणी वर्गात सांगत नाही, म्हणून मी सांगतेय. तक्रार करावी लागली तर मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, आणि जबाब घेणारे पोलीस तेव्हा गणवेशात नसावेत, असंही त्याच कायद्यात लिहिलंय.

(फोन कॅमेऱ्यासमोर धरून) आता खासगी फोटो. "पाठव ना, विश्वास नाही का माझ्यावर?" विश्वास आणि फोटो यांचा काही संबंध नाही. पण समजा पाठवला गेला, आणि आता कुणी धमकावतंय. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणं थांबत नाही. घाबरून चॅट डिलीट करू नका, तोच पुरावा आहे. स्क्रीनशॉट काढा, प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा, मग ब्लॉक. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा. फोटो अठराच्या आतल्या वयातला असेल तर 'टेक इट डाउन' आणि मोठ्यांसाठी 'स्टॉप एनसीआयआय' अशा मोफत सेवा आहेत. तुमचा फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो, तिथे जातो फक्त त्याचा एक सांकेतिक ठसा. त्यावरून यात सहभागी असलेल्या कंपन्या तो फोटो ओळखून हटवू शकतात.

मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, आणि आत्ता या क्षणी धोका असेल तर ११२. आत्ताच सेव्ह करा, मी थांबते.

आईबाबा बघत असाल तर तुम्हाला एकच विनंती. पोर सांगायला आलं की "तू पाठवलासच कशाला?" हा पहिला प्रश्न नको. तो विचारलात की पुढचं काही तुम्हाला कधीच कळणार नाही.

मी आईला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. मला वाटलं, आता कॉलेज बंद. तिने काड्या बाजूला केल्या, हात धुतले आणि म्हणाली, "उद्या मी येते तुझ्याबरोबर." खरंच आली. लेडीज डब्यात माझ्या शेजारी बसली. ऐरोली गेलं, रबाळे गेलं, फोन माझ्या पिशवीत होता, बंद. ती काहीच विचारत नव्हती. सानपाडा सुटल्यावर फक्त म्हणाली, "तुझी परतीची गाडी कितीची असते गं?"