केंटकीचा घोडा होक्काइदोला गेला

नमस्कार, श्रोतेहो.

घोडा घेणारा जाणकार माणूस आधी तोंड बघत नाही, पाय बघतो. शर्यतीच्या घोड्यांच्या लिलावात तर डोळे सगळे जमिनीकडेच असतात. मोतद्दार शिंगराला दहा-वीस पावलं चालवत नेतो, वळवतो, परत आणतो. गिऱ्हाईक मागे उभं राहून मागचे पाय कसे पडतात ते न्याहाळतं, हातातल्या वहीत काहीतरी खरडतं आणि पुढच्या शिंगराकडे वळतं. एवढ्यात निकाल लागलेला असतो.

१९८७ साली अमेरिकेच्या केंटकी राज्यात, कीनलंडच्या लिलावात, जवळजवळ काळं दिसणारं एक शिंगरू असंच चालवून दाखवलं गेलं. कपाळावरून नाकापर्यंत वेडावाकडा पांढरा पट्टा. अंगानं शेलाटं. पण मागच्या पायांचे सांधे आतल्या बाजूला वळलेले, गाईचे असतात तसे. लोकांनी पाहिलं आणि माना फिरवल्या. ज्यांच्या स्टोन फार्मवर ते जन्मलं त्या आर्थर हँकॉक यांनीच शेवटी, इतक्या स्वस्तात कशाला घालवायचं म्हणून, १७,००० डॉलरची बोली लावून ते स्वतःकडे ठेवलं. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियात पुन्हा विकायला काढलं. तिथं बोली ३२,००० डॉलरवर अडली, मालकाला किमान ५०,००० हवे होते. म्हणजे पुन्हा घरी. त्या परतीच्या रस्त्यात गाडीच्या चालकाला हृदयविकाराचा झटका आला आणि गाडी उलटली. घोडा वाचला. त्याआधी, आईचं दूध तुटल्याच्या सुमारास, तो एकदा आजारात मरता मरता वाचलेला होताच.

हा घोडा म्हणजे संडे सायलेन्स. नावाचा अर्थ रविवारची शांतता. स्वभाव मात्र नावाच्या अगदी उलटा! चावणं, लाथ मारणं, मागच्या दोन पायांवर उभं राहणं, सगळं अंगात होतं. ते वडिलांकडून आलं असणार. वडील हेलो, पैदाशीत नाव काढलेला घोडा, पण असा चावरा की त्याच्या जवळ जाताना माणसं दहादा विचार करत. आई विशिंग वेल. ती स्वतः चांगली धावलेली, पण तिच्या माहेरच्या घराण्यात सांगण्यासारखं फारसं कुणी नव्हतं. हे घराण्याचं प्रकरण लक्षात ठेवा. सगळं पुढे त्यावरच अडणार आहे.

घोडा गेला चार्ली व्हिटिंगहॅम यांच्याकडे. कॅलिफोर्नियातले मुरलेले ट्रेनर. टक्कल पडलेले, पहाटे अंधारात पागेत हजर असणारे. त्यांनी घोड्यात भागीदारीही घेतली. १९८९ साली केंटकी डर्बी या मोठ्या शर्यतीच्या वेळी ते ७६ वर्षांचे होते.

त्या वर्षी अमेरिकेचा लाडका घोडा दुसराच होता. ईझी गोअर. तांबूस रंगाचा, देखणा, बाप अलिडार, मालक न्यूयॉर्कचे फिप्स घराणं. म्हणजे खानदानी श्रीमंती चहूबाजूंनी. पूर्व किनाऱ्याचा हा राजपुत्र आणि पश्चिमेकडून आलेला हा कुणीही न घेतलेला काळा घोडा, अशी ती जोडी जमली. चिखलात झालेल्या डर्बीत संडे सायलेन्स अडीच लांबींनी, म्हणजे अडीच घोड्यांच्या अंतरानं, जिंकला. लोक म्हणाले, चिखलाचा चमत्कार.

मग दोन आठवड्यांनी बाल्टिमोरला प्रीकनेस. ही शर्यत मी किती वेळा पाहिली असेल, मोजलेलं नाही. शेवटच्या वळणावर दोघं एकत्र येतात आणि तिथून विजयरेषेपर्यंत सुटतच नाहीत. ईझी गोअर आतल्या बाजूला, कठड्याकडे. संडे सायलेन्स बाहेरून त्याला इतका चिकटलेला की दोन्ही जॉकींचे गुडघे एकमेकांना लागत असतील असं वाटतं. ईझी गोअरची मान शेजाऱ्याकडे वळलेली. एकदा याचं डोकं पुढे, एकदा त्याचं. रेषेवर काय झालं ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही, छायाचित्रानं ठरवलं. संडे सायलेन्स, नाकाच्या अंतरानं.

तिसरी शर्यत बेलमाँट, अंतर सर्वांत लांब, आणि ईझी गोअरच्या घरच्या मैदानावर. तिथे त्यानं आठ लांबींनी सगळा हिशेब चुकता केला. त्रिमुकुट, म्हणजे या तिन्ही शर्यती जिंकण्याचा मान, गेला. पण वर्षअखेरीस फ्लोरिडात, ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये, पुन्हा गाठ पडली आणि पुन्हा काळा घोडा मानभर पुढे राहिला. चार भेटींत तीन वेळा. त्या वर्षीचा सर्वोत्तम घोडा हा किताबही त्यालाच. एकूण १४ शर्यती, ९ पहिले, ५ दुसरे. तिसरा क्रमांक आयुष्यात नाही. कमाई पन्नास लाख डॉलरला थोडीच कमी. १९९० साली पायाच्या स्नायुबंधाला दुखापत झाली आणि धावणं थांबलं.

आता खरी गोष्ट.

थरोब्रेड, म्हणजे या शर्यतींच्या जातीच्या, घोड्याच्या बाबतीत एक नियम आहे, आणि तो सगळ्या जगात पाळला जातो. कृत्रिम रेतन चालत नाही. गाई-म्हशींमध्ये गोठवलेलं वीर्य नळीत भरून देशोदेशी जातं, इथे तसं झालेलं शिंगरू नोंदणीवहीत घेतच नाहीत. घोडा आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र यायला हवेत, साक्षीदारांसमोर. म्हणून एखाद्या देशाला दुसऱ्या देशातलं रक्त हवं असेल तर अख्खा घोडाच न्यावा लागतो. नाहीतर घोडीला विमानात घालून त्याच्याकडे पाठवायचं, अकरा महिन्यांनी शिंगरू. आणि एकदा घोडा गेला की गेला. मागे ठेवून घेण्यासारखं काही उरत नाही.

हँकॉकनी नेहमीप्रमाणे संडे सायलेन्सचे हिस्से विक्रीला काढले. पैदाशीच्या घोड्यात असे हिस्से असतात, हिस्सेदाराला दरवर्षी आपली घोडी पाठवायचा हक्क मिळतो. केंटकीतल्या बड्या पागांनी वंशावळीचा कागद पाहिला, आईकडची बाजू पाहिली, ते मागचे सांधे आठवले आणि नकार दिला. घेणारे बोटांवर मोजण्याइतके निघाले. हसू नका त्यांना. त्यांच्या हिशेबात चूक नव्हती. धावणारा घोडा चांगली पोरं देतोच असं नाही, पण चांगलं घराणं बऱ्याचदा देतं, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. त्यातून त्या वर्षांत अमेरिकेतला घोड्यांचा बाजार बसलेला.

जपानमध्ये मात्र पैसा वाहत होता. होक्काइदो बेटावरच्या शादाई फार्मचे झेन्या योशिदा यांनी आधीच संडे सायलेन्समध्ये पाव हिस्सा घेतलेला होता. त्यांनी उरलेला घोडाही घेतला. सगळा मिळून सौदा एक कोटी डॉलरच्या वर गेला. अमेरिकेत काहींनी हळूच म्हटलं, जपान्यांना चांगलाच बनवला.

योशिदांना परदेशी घोडा आणून पैदास उभी करण्याची सवय जुनी. नॉर्दर्न टेस्ट नावाचा कॅनडात जन्मलेला घोडा त्यांनी १९७२ साली अमेरिकेतल्या लिलावात शिंगरू असतानाच घेतला होता, तो पुढे जपानचा अव्वल पैदासी घोडा झाला. त्याच्या पोरी शादाईच्या कुरणात होत्याच. त्यांना नवरा हवा होता. संडे सायलेन्स तसा आला.

त्याची पहिली पिढी १९९४ साली मैदानात उतरली. योशिदा १९९३ च्या ऑगस्टमध्ये वारले होते. एकही नातू, म्हणजे घोड्याचं एकही पोर, त्यांनी पळताना पाहिलं नाही. पहिल्याच पिढीतल्या पोरांनी १९९५ ची जपानी डर्बी घेतली, सात्सुकी शो घेतली, ओक्सही घेतली. त्या वर्षापासून २००७ पर्यंत, सलग तेरा वर्षं, पोरांच्या कमाईवर ठरणाऱ्या जपानच्या पैदासी घोड्यांच्या यादीत एकच नाव वर राहिलं. त्यातली शेवटची पाच वर्षं तर तो जिवंतही नव्हता.

गंमत बघा. हा घोडा स्वतः गवतावर एकदाही धावला नाही. चौदाच्या चौदा शर्यती मातीवर. जपानच्या मोठ्या शर्यती बहुतेक गवतावर, आणि त्याची पोरं तिथेच पाखरासारखी उडाली. कुठल्या कागदावर हे लिहिलेलं होतं?

मला त्याच्या पोरांतला सर्वांत आवडणारा स्टे गोल्ड आहे. अंगानं लहान, वर्षानुवर्षं दुसरा-तिसरा येणारा. जपानी प्रेक्षकांना तो फार लाडका, कारण त्याचं नशीब आपल्यासारखं वाटायचं. पन्नास शर्यती धावला. पन्नासावी, म्हणजे अखेरची, २००१ च्या डिसेंबरात हाँगकाँगला. तिथे आयुष्यात पहिल्यांदा सर्वोच्च दर्जाची शर्यत जिंकला आणि घरी गेला. पुढे त्याच्या पोटी ऑर्फेव्ह्र आला, जपानचा त्रिमुकुटधारी.

आता हे ऐकून तुम्हाला वाटेल, घोडा जपानला धाडला की नशीब फळफळलं. तर दुसऱ्या एका घोड्याचं सांगतो. फर्डिनांड. ट्रेनर तेच व्हिटिंगहॅम. १९८६ ची केंटकी डर्बी जिंकलेला, पुढच्या वर्षी ब्रीडर्स कप क्लासिकही जिंकलेला. म्हणजे संडे सायलेन्सच्या आधी, त्याच पागेतून, त्याच दोन शर्यती. शिवाय बाप निजिन्स्की, म्हणजे घराणंही उत्तम. अमेरिकेत पैदाशीला लावला, पोरं चालली नाहीत. १९९४ साली तोही होक्काइदोला गेला. तिथेही घोड्या येईनाशा झाल्या. मग तो एका दलालाच्या हाती गेला आणि २००२ साली त्याची कत्तल झाली, ही बातमी अमेरिकेत पुढच्या वर्षी पोचली. डर्बीचा विजेता. तिथल्या घोडेवाल्यांमध्ये संताप उसळला, आणि त्यानंतर काही मालक विक्रीच्या करारात अट घालू लागले: घोडा नको झाला तर आधी आम्हाला विचारा, आम्ही परत नेऊ. ही अट फर्डिनांडच्या वेळी असती तर, असं मनात येतंच.

त्याच २००२ साली संडे सायलेन्सही गेला, पण किती वेगळ्या तऱ्हेनं. पुढच्या उजव्या पायात संसर्ग झाला. घोड्याच्या पायाचं असं असतं की एक दुखला की सगळा भार दुसऱ्यावर येतो, आणि पाचशे किलोच्या आसपासचं जनावर आठवडेच्या आठवडे एका बाजूला रेलून उभं राहिलं की त्या चांगल्या खुराच्या आतले पदर सुजून सुटू लागतात. लॅमिनायटिस म्हणतात त्याला. परदेशातून डॉक्टर आणले, औषधं झाली. १९ ऑगस्टला तो मेला. वय १६.

जागा रिकामी झाली. योशिदांच्या मुलांनी त्याच वर्षीचा केंटकी डर्बीचा विजेता वॉर एम्ब्लेम घेतला, पावणेदोन कोटी डॉलरच्या आसपास मोजून. काळा, देखणा, विजेता. होक्काइदोला आणला आणि लक्षात आलं की याला घोड्यांमध्ये म्हणजे घोडीमध्ये काही रसच नाही! मिनतवाऱ्या झाल्या, जाणकार आणले, हजार युक्त्या केल्या. एखादी घोडी पसंत पडायची, बाकीच्यांकडे ढुंकून बघायचा नाही. शेवटी २०१५ साली तो केंटकीला परतला, निवृत्त घोड्यांच्या कुरणात. सतरा हजारांत कुणी न घेतलेल्याची जागा भरायला एक कोटी सत्तर लाखांवर गेले आणि हाती आलं ते हे.

जागा भरली ती दुसऱ्याच कुणी. संडे सायलेन्सचा जन्म २५ मार्च १९८६ चा. २५ मार्च २००२ ला, त्याच तारखेला, त्याच्या शेवटच्या पोरांपैकी एक जन्माला आलं. चणीनं लहान. त्या जुलैत ७ कोटी येनला विकलं गेलं, जे तिथल्या मानानं फार नव्हे. तो डीप इम्पॅक्ट. २००५ साली एकही शर्यत न हरता त्यानं त्रिमुकुट घेतला. त्या डिसेंबरात अरिमा किनेन शर्यतीत त्याला हरवलं हार्ट्स क्रायनं, तोही संडे सायलेन्सचाच मुलगा. जपानमध्ये डीप इम्पॅक्ट हरला तो तेवढा एकदाच.

पुढे डीप इम्पॅक्टसाठी आयर्लंडच्या घोड्या विमानानं होक्काइदोला जाऊ लागल्या. तोच नियम, फक्त दिशा उलटी. त्यांतल्या ऱ्होडोडेंड्रॉन नावाच्या घोडीचा मुलगा ऑगस्ट रोदँ, २०२३ ची इंग्लंडमधली एप्समची डर्बी जिंकला. आणि जपानमध्ये आता प्रश्न वेगळाच उभा आहे. संडे सायलेन्सचं रक्त इतकं पसरलंय की ते नसलेली घोडी शोधावी लागते, भावा-बहिणीच्या नात्यात संबंध नको म्हणून बाहेरचा घोडा आणावा लागतो.

ईझी गोअरचं काय झालं, हे विचाराल. तो केंटकीतच राहिला, क्लेबोर्न फार्मवर, मोठ्या इतमामानं. पण १९९४ साली, अवघ्या आठव्या वर्षी मेला. पिढ्या मोजक्याच झाल्या.

२०२५ च्या १ नोव्हेंबरला कॅलिफोर्नियात डेल मारच्या मैदानावर ब्रीडर्स कप क्लासिक धावली गेली. मातीवर. जिंकला फॉरेव्हर यंग, जपानमध्ये जन्मलेला, जपानमध्येच तयार झालेला. ही शर्यत जपानी पागेनं पहिल्यांदाच नेली. घोड्याचा बाप रिअल स्टील, आजा डीप इम्पॅक्ट. पणज्याचं नाव त्याच शर्यतीच्या विजेत्यांमध्ये आधीच लिहिलेलं आहे, १९८९ च्या ओळीत.

नमस्कार.