मेणातला तुकडा

नमस्कार श्रोतेहो. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ आमच्याकडे पॅथॉलॉजीत आली, की तिचे छोटे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ते कुजू न देणाऱ्या द्रावणात ठेवतात आणि नंतर मेणात बसवतात. याला म्हणायचं ब्लॉक. शब्द लक्षात ठेवा, ब्लॉक.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. गावभागातल्या एका ताईंची ट्रंक त्या पाण्यात बुडाली. आतड्याच्या कॅन्सरनं गेलेल्या आईची सगळी फाइल त्यात होती. कागदांचा लगदा झाला.

पुढं ताई धाकट्या भावाला घेऊन मिरजेला माझ्याकडं आल्या. ''मॅडम, आईचं दुखणं आमच्यात बी उतरतंय का?'' सांगायला रिपोर्ट कुठं होता? मग त्यांनी पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत ब्लॉक! मेणात पाणी शिरत नाही, त्यामुळं तुकडा शाबूत. कॅसेटवरचा, म्हणजे ब्लॉक ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवतात तिच्यावरचा नंबरही वाचता येत होता, कारण तो पेन्सिलीनं लिहिलेला. लॅबमधल्या रसायनांत शाई उतरते, पेन्सिल टिकते. लॅबच्या जुन्या रजिस्टरमध्ये तोच नंबर, आईचं नाव. मी त्या दोघांना रजिस्टर दाखवलं, तेव्हा भाऊ मटकन खाली बसला.

ब्लॉकचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढले, तपासणीला पाठवले. गाठीत एमएलएच-1 नावाचं, डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारं प्रथिन नव्हतं. याची कारणं मुख्यतः दोन. एक तर ते प्रथिन बनवणारी जीन जन्मापासून बिघडलेली. तसं असेल तर मुलांनाही धोका. किंवा जीन धड, पण तिच्यावर मिथाइलचे रेणू बसून ती बंद पडलेली. पुस्तकातली अक्षरं तीच, पानं मात्र चिकटलेली. हा एपिजेनेटिक बदल. फॉर्मॅलिननं डीएनएचे तुकडे पडतात, पण मिथाइल जागेवर राहतं. बायसल्फाइट नावाचं रसायन घातलं, की मिथाइल नसलेलं सायटोसिन, म्हणजे डीएनएचं एक अक्षर, बदलतं, मिथाइल असलेलं तसंच राहतं. त्यावरून कळतं.

ताईंच्या आईच्या गाठीत मिथाइल सापडलं. म्हणजे दुखणं बहुधा वारशातलं नाही. बहुधा, हे मी दोघांना दोनदा सांगितलं. वयाप्रमाणं तपासण्या करायच्याच. ताईंनी लगेच पुण्याच्या बहिणीला फोन लावला.

तेव्हा ऑपरेशननंतर लॅबला विचारा, ब्लॉक कुठं आहे. घरी दिला तर फेकू नका. नंबर वहीत उतरवून ठेवा. आणि उन्हात, गॅसजवळ नको. हे मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं.