ढालीवरची तीन मुंडकी आणि मधल्या हरवलेल्या पिढ्या

मित्रहो, वेल्समधल्या एखाद्या घराण्याचा शोध घेताना सरदार किंवा राजपुत्र पूर्वज म्हणून भेटणं फारसं अवघड नाही. त्याच्यापासून खाली येत अठराव्या शतकातल्या साध्या शेतकऱ्यापर्यंतची प्रत्येक पायरी कागदानिशी दाखवणं मात्र भलतंच कठीण आहे. बहुतेकांचा शोध याच मधल्या पायऱ्यांवर अडतो.

आधी हे खानदानी पूर्वज इतके मुबलक का, ते पाहू. दहाव्या शतकातल्या हवेल दा या राजाच्या नावाने ओळखला जाणारा जुना वेल्श कायदा माणसाचं स्थान त्याच्या कुळावरून ठरवत असे. स्वतंत्र कुळात जन्मलेला तो खानदानी, मग त्याच्या गोठ्यात किती का गुरं असेनात. जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जायची. पुढे चुलत भावंडांना, आणि त्यांच्यानंतर पणतवंडांना फेरवाटणी मागता येई. म्हणजे पणजोबा कोण हे ठाऊक नसलेल्या माणसाचा हक्कच बुडाला. खुनाच्या भरपाईचंही तसंच. 'गलानस' नावाची ही रक्कम खुन्याच्या सगळ्या नातलगांवर पडे, दोन तृतीयांश वडिलांकडच्यांवर आणि एक तृतीयांश आईकडच्यांवर. नातं नेमकं कुठवर पोचतं हे अशा वेळी पै-पैशाच्या हिशेबाने ठरायचं. 1190च्या दशकात गेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने लिहून ठेवलंय की तिथला सामान्य माणूसही आपल्या सहा-सात पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवतो. मला यात बढाई दिसत नाही. ज्याची जमीन पिढ्यांच्या मोजणीवर अवलंबून आहे, तो पिढ्या पाठ करणारच.

आता नावांकडे वळू, कारण खरा गुंता तिथे आहे. आपण वडिलांचं नाव मधे लावतो आणि पुढे आडनाव असतं. वेल्समध्ये आडनाव नव्हतंच. हवेल अप रीस अप ग्रिफिद, म्हणजे ग्रिफिदच्या मुलाचा, रीसचा मुलगा हवेल. मुलगी असेल तर 'फेर्ख'. 1536 आणि 1543च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या कारभारात पुरतं सामील झालं आणि इंग्रजी धाटणीची कायम आडनावं हळूहळू रुजली. अप रीसचा प्राइस झाला, अप हवेलचा पॉवेल, अप ह्यूचा प्यू, अब ओवेनचा बोवेन. जमीनदारांनी हे लवकर उचललं. डोंगराळ भागातली साधी माणसं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बापाचंच नाव लावत राहिली.

एक उदाहरण देतो. गणितात 'पाय' हे चिन्ह आजच्या अर्थाने पहिल्यांदा 1706 साली वापरणारे विल्यम जोन्स हे वेल्समधल्या अँगलसी बेटावर 1675 साली जन्मले. त्यांच्या वडिलांचं नाव शॉन शॉर. शॉन म्हणजे जॉन, म्हणून मुलगा जोन्स. याच विल्यम जोन्स यांचे चिरंजीव म्हणजे कलकत्त्याचे न्यायाधीश आणि 1784 साली एशियाटिक सोसायटी स्थापणारे सर विल्यम जोन्स, ज्यांचं नाव आपण शाळेपासून ऐकतो. आता कुणी 'जोन्स घराणं' म्हणून या वंशात मागे जायचं ठरवलं, तर दोन पिढ्यांत वाट संपते. त्याच्या पलीकडे कुणी जोन्स नाहीच.

म्हणून 'आडनाव सांगा, कुलचिन्ह घेऊन जा' असं म्हणणाऱ्या दुकानांचा मला मनापासून राग येतो. ढालचिन्ह, म्हणजे ढालीवर काढलेलं कुळाचं चिन्ह, आडनावाला मिळत नाही. ते एका व्यक्तीला मिळतं आणि तिच्या वंशजांकडे जातं. इंग्लंड आणि वेल्ससाठी ते देण्याचा अधिकार लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्स या संस्थेकडे आहे. दोन शेजारी डेव्हिस कुटुंबांचा परस्परांशी काडीचाही संबंध नसू शकतो, आणि प्राइस व पॉवेल सख्ख्या भावांचे वंशज असू शकतात.

वेल्श ढालचिन्हांची तर आणखी एक खासियत आहे. पश्चिम युरोपात वंशपरंपरेने चालणारी ढालचिन्हं बाराव्या शतकात सुरू झाली. पण वेल्समध्ये वंशावळी सांभाळणारे कवी पुढे, विशेषतः पंधराव्या शतकात, कुळाच्या मूळ पुरुषालाच ढाल बहाल करू लागले. ब्लेद्दिन अप कन्फिन 1075 साली मेला, पण वंशावळीच्या पोथ्यांत त्याच्या ढालीवर सिंह उभा आहे. त्याने तो सिंह कधी पाहिलेलाही नसणार. तरी ही चिन्हं टाकाऊ समजू नका. वीस वेगवेगळ्या आडनावांची घराणी एकच ढाल लावतात, तेव्हा ती आपण एकाच पुरुषाचे वंशज असल्याचं सांगत असतात. इसवी सन 1600च्या सुमाराच्या थडग्यावर ढाल कोरलेली सापडली, तर त्या घराचा स्वतःच्या कुळाबद्दल काय विश्वास होता ते तुम्हाला कळतं. तो विश्वास खरा होता का, हे वेगळं तपासावं लागतं.

एडनीफेद वखानची ढाल पाहा. हा थोरला लुएलिन या वेल्श राजपुत्राचा कारभारी, मृत्यू 1246. लाल ढाल, मधे उलट्या व्हीच्या आकाराचा पट्टा आणि भोवती तीन इंग्रजांची मुंडकी. चेस्टरच्या अर्लच्या सैन्यातल्या तीन सरदारांना मारून त्याने ती लुएलिनसमोर आणून ठेवली, अशी आख्यायिका आहे. याच्याच वंशातला हेन्री ट्यूडर 1485 साली इंग्लंडचा राजा झाला. इंग्रजांची मुंडकी मिरवणारं कुळ इंग्रजांच्या गादीवर! या कुळाच्या ढालीवर पुढे मुंडक्यांच्या जागी शिरस्त्राणं आली. एडनीफेदला मुलं पुष्कळ, त्यामुळे उत्तर वेल्समधल्या असंख्य घरांना त्याचं रक्त सांगता येतं.

हे सारं लिहून ठेवणाऱ्यांत लुइस दन हे नाव विसरू नका. हा कवी 1586 साली उपहेराल्ड, म्हणजे ढालचिन्हं आणि वंशावळी नोंदवणारा दुय्यम अधिकारी, नेमला गेला आणि वेल्सभर घरोघर फिरून त्याने वंशावळी नोंदवल्या. कित्येक वंशावळींखाली त्या घराच्या कर्त्याची सही आहे. त्याच्यानंतर हेंगर्टच्या रॉबर्ट वॉन यांनी जमवलेला हस्तलिखितांचा प्रचंड साठा आज ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. विसाव्या शतकात पीटर बार्ट्रम या हवामानतज्ज्ञाने इसवी सन 300 ते 1500 या काळातल्या वेल्श वंशावळी पडताळून खंडच्या खंड सिद्ध केले. ग्लॅमॉर्गनच्या जुन्या सामग्रीबाबत मात्र सावध राहा. इओलो मॉर्गनग या कवींनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिथे बरंच बनावट साहित्य घुसडून ठेवलं आहे.

या वंशावळी साधारण सतराव्या शतकाच्या तोंडाशी थांबतात. चर्चच्या नोंदवह्या अनेक परगण्यांत त्यानंतरच्याच उरल्या आहेत. मधली दरी ओलांडायला मृत्युपत्रं सगळ्यांत उपयोगी. चर्चच्या न्यायालयांत नोंदलेली 1858पूर्वीची वेल्श मृत्युपत्रं त्याच ग्रंथालयाने ऑनलाइन मोफत ठेवली आहेत. 1543 ते 1830 या काळात चाललेल्या ग्रेट सेशन्स न्यायालयाचे कागदही तिथेच आहेत. जुन्या दाव्यांत पक्षकारांची नावं 'अप'च्या साखळीसकट मिळतात. शोधताना आडनावापेक्षा घराचं, वाडीचं नाव घट्ट धरा. तीन पिढ्यांत आडनाव तीनदा बदलेल, पण शेतातलं घर त्याच नावाने उभं असतं आणि मृत्युपत्रात तेच नाव येतं. लुइस दनच्या वंशावळीतलं घर आणि तुमच्या हातातल्या मृत्युपत्रातलं घर एकच निघालं, परगणा जुळला, बाप-लेकांची नावं जुळली, की मग ढालीकडे वळा.